ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलचे प्रमाण कसे ठरवतो?

प्रश्न (इंदूर): ॲव्हरेज घटल्यामुळे मेकॅनिकने ऑक्सिजन सेन्सर बदलण्यास सांगितले आहे. सायलेन्सरच्या नळीतील सेन्सरचा पेट्रोलशी काय संबंध, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर: पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. झिर्कोनियाचा (एक प्रकारच्या सिरॅमिकचा) सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सियसवर तापला, की जळालेल्या वायूत उरलेला ऑक्सिजन बाहेरच्या हवेच्या तुलनेत किती आहे, त्यानुसार व्होल्टेज देतो, ते ०.१ व्होल्टच्या आसपास असल्यास पेट्रोल कमी, ०.९ असल्यास जास्त, असे समजून ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, उघडा ठेवण्याचा काळ सतत बदलतो.

दुसरे उत्तर: वरील विवेचन उत्तम आहे. मात्र खर्च करण्यापूर्वी एक्झॉस्टची (धुराच्या नळीची) गास्केट, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारी चकती, आवर्जून तपासावी, कारण सेन्सरच्या आधी हवा आत शिरत असल्यास निर्दोष सेन्सरही पेट्रोल कमी असल्याचे दाखवतो आणि ईसीयू ते विनाकारण वाढवतो.