'अदखलपात्र' म्हणजे दखल घेण्याच्या लायकीचा नसलेला?

प्रश्न:
बांधावरून वाद झाला आणि शेजारच्या शेतकऱ्याने माझ्या काकांच्या तोंडावर बुक्की मारली. काका ठाण्यात गेले. तिथे एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली. मिळालेल्या कागदावर शेवटी लिहिलंय, 'फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली.' तेव्हापासून काका गप्प आहेत. म्हणतात, "माझं रक्त आलं, तेही दखल घेण्याच्या लायकीचं नाही." 'पात्र' म्हणजे लायक, मग अर्थ तोच होतो ना? आणि समज काकांनाच का दिली?

उत्तर:
काकांना आधी सांगा, तसा अर्थ नाही. घोटाळा 'दखल'मुळे होतो. शब्द अरबी, मूळ अर्थ शिरणे, आत येणे. मराठीत त्याचे दोन वापर रुळले: दखल घेणे म्हणजे लक्ष देणे, दखल देणे म्हणजे मध्ये पडणे. बोलण्यात पहिला जास्त येतो, म्हणून 'अदखलपात्र' ऐकलं की अपमान वाटतो. कायद्यातला अर्थ दुसऱ्याच्या जवळचा आहे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस आपणहून मध्ये पडू शकतात, म्हणजे तपास सुरू करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात त्यांनी नोंद घ्यायचीच आहे, पण तपासाला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही कलमं १७३ आणि १७४. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १५४ आणि १५५ होती.

'समज देणे'चंही तसंच. घरात पोराला समज देतात ती ताकीद. ठाण्याच्या कागदावर तिचा अर्थ 'समजावून सांगितलं' एवढाच. एखाद्या दुखावलेल्या माणसाच्या हातात हे वाक्य देताना त्याला ते कसं ऐकू येईल, याचा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि अदखलपात्र म्हणजे किरकोळ, हे समीकरणही सोडा. एखाद्याला फाशीच्या गुन्ह्यात दोषी ठरवण्यासाठी खोटा पुरावा देणं (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेचं कलम २३०) याला जन्मठेप होऊ शकते. तरी तो अदखलपात्रच आहे, शिवाय अजामीनपात्र.

आणखी एक उत्तर:
'अजामीनपात्र'बद्दल थोडं. पुष्कळांना वाटतं, यात जामीन मिळतच नाही. मिळू शकतो, फक्त तो हक्काने मागता येत नाही, कोर्ट ठरवतं. गंमत म्हणजे 'जामीन' हा मुळात माणूस: दुसऱ्यासाठी हमी घेणारा. आपण अजून 'मी त्याला जामीन राहिलो' म्हणतो, त्यात तो जुना अर्थ टिकून आहे.

प्रश्नकर्ता:
काकांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता म्हणाले, दुसऱ्या दिवशी चूळ भरताना पुढचा दात हातात आला. ठाण्यात हे सांगितलेलंच नाही. याने काही फरक पडतो?

उत्तर:
फार मोठा! साधी मारहाण न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये येते, ती अदखलपात्र. पण हाड किंवा दात मोडला वा निखळला, तर ती कायद्याच्या मराठीत 'जबर दुखापत'. तिचं कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत. हा गुन्हा दखलपात्र आहे, मात्र जामीनपात्र; म्हणजे या दोन जोड्या वेगळ्या, एकीवरून दुसरी ओळखू नका. दंतवैद्याकडून तपासून दाखला घ्या, दात त्या बुक्कीने पडला का ते त्यात येऊ द्या, आणि एन.सी.ची प्रत जोडून ठाण्यात लेखी अर्ज करा. पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्नकर्ता:
काकांनी दात टाकला नव्हता. काकूने कागदाच्या पुडीत बांधून देवघराच्या फडताळात ठेवलाय. उद्या सकाळच्या एस.टी.ने तालुक्याला नेतो त्यांना.