मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी: ध्वनिशास्त्र, तरंगयांत्रिकी आणि नवोन्मेषाचं अर्थशास्त्र एकाच प्रबंधात बसेल का?

खर्जषड्ज यांचा प्रश्न:

नमस्कार. पीएच.डी.च्या प्रस्तावासाठी विषय घेतला आहे तो मिरजेच्या तंबोऱ्याच्या जवारीचा, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीमुळे येणाऱ्या झणत्काराचा (खुली जवारी म्हणजे तो भरपूर, बंद म्हणजे तो विझलेला). तीन भाग डोक्यात आहेत. पहिला, जवारी खुली असताना आणि बंद असताना ध्वनीत नेमकं काय बदलतं ते मोजणं. दुसरा, घोडीच्या वक्र पृष्ठावर तार टेकत-सुटत राहते त्याचं तरंग-समीकरणाने प्रतिमान करणं. तिसरा, हे कसब टिकतं कसं, त्यातून पैसा कुणाला मिळतो आणि २०२४ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने त्यात काय फरक पडतो.

समितीचा आक्षेप असा की हे तीन वेगळे प्रबंध आहेत, एकमेकांशी बांधलेले नाहीत. तो आक्षेप मला बराचसा पटतो. म्हणून तीन गोष्टी विचारतो. मोजमाप पुन्हा पुन्हा तेच येईल अशी सोपी मांडणी कोणती? तिन्ही भागांना जोडणारा दुवा कोणता धरावा? आणि मार्गदर्शक म्हणतात तसं यातून पेटंट निघेल का? मापनासाठी एक पुरुषी तंबोरा आहे: तारेची मोकळी लांबी साधारण १ मीटर, जोडाची तार (षड्जात लावलेल्या मधल्या दोन तारांपैकी एक) पोलादी ०.३० मिमी, षड्ज काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी).

---

तारतम्य यांचं उत्तर:

सुरुवात भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्या निरीक्षणापासून करा, कारण तुमची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खणखणीत चाचणी तिथेच आहे. १९२१ साली कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या कार्यवृत्तात त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर छोटासा लेख लिहिला. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा (मूळ कंपनसंख्येच्या पटीतल्या उपस्वराचा) निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो तो हार्मोनिक उमटत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर हा नियम मोडतो, तो हार्मोनिक चांगला ठणठणीत ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं.

म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडायची. घोडी साधी असेल तर दुसरा, चौथा, सहावा हार्मोनिक जवळजवळ नसतो. आता घोडीवर तारेखाली सुती धागा सरकवत न्या. एका ठिकाणी आवाज एकदम उमलतो आणि वर्णपटात (कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे त्या आलेखात) नेमके हे सम हार्मोनिक उभे राहतात. सम विरुद्ध विषम हार्मोनिकची पातळी, छेडल्यानंतर ०.२ ते १ सेकंद या खिडकीत काढलेली, हाच तुमचा जवारीचा आकडा धरा.

आता बारकावे, कारण चुका इथेच होतात.

मध्य टेपने मोजू नका. धागा लावल्यावर तारेचं परिणामी टोक सरकतं. बोट हलकेच टेकवून वरचा षड्ज सर्वांत स्वच्छ कुठे वाजतो ते शोधा आणि तिथे खूण करा. मीटरभर तारेवर २ मिमी चूक झाली तर घोडीवरच्या बलात दुसरा हार्मोनिक पहिल्यापेक्षा सुमारे ४४ डेसिबल खाली असतो, म्हणजे चाचणीला धोका नाही. पण विसाव्या हार्मोनिकपाशी त्याच चुकीमुळे शेजारच्या विषम हार्मोनिकपासूनचं अंतर १८-१९ डेसिबलवरच येतं. म्हणून निष्कर्ष २, ४ आणि ६ वरच काढा.

बोटाने छेडू नका. तांब्याची बारीक तार बांधून ती तुटेपर्यंत हळू ओढायची, म्हणजे दर वेळी बळ सारखं राहतं. इथे बरेच जण ०.१ मिमीची तार घेतात आणि फसतात. तुमच्या तारेचं गणित करा: ताण = ४ × लांबीचा वर्ग × कंपनसंख्येचा वर्ग × दर मीटर वस्तुमान. पोलादाची घनता ७८५० धरली तर दर मीटर ०.५५५ ग्रॅम, काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ, ताण येतो साधारण ४३ न्यूटन. ०.१ मिमीची मऊ तांब्याची तार पावणेदोन न्यूटनच्या आसपास तुटते, तोवर मध्यावर तार सेंटिमीटरभर खेचली गेलेली असते. सुटल्यावर ती शेजारच्या तारेवर आपटते आणि सगळं मापन वाया जातं. ०.०६ मिमी घ्या, ४ मिमीच्या आसपास खेच मिळते. तार एकेरी बांधा. दुहेरी फास घातला तर बळ दुप्पट होतं. नंतर मुद्दाम ०.०५ आणि ०.०८ मिमीनेही करा. जवारी अरेषीय आहे, आयाम बदलला की वर्णपटाचा आकारच बदलतो, आणि तुमच्या प्रतिमानाची खरी परीक्षा तीच.

उरलेल्या तिन्ही तारा लोकरीच्या पट्टीने दाबा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. माइक तबलीपासून (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणापासून) अर्ध्या मीटरवर, दर वेळी त्याच जागी. पायझो चकती (कंपनं टिपणारा चपटा संवेदक) लावायची तर तबलीला लावा, घोडीला नको, तिचं वस्तुमान आवाज बदलतं. विश्लेषणाला ८१९२ नमुन्यांची खिडकी पुरते, वर्णपटातल्या दोन ओळींमधलं अंतर ५.९ हर्ट्झ पडतं. प्रत्येक मांडणीत किमान दहा वेळा छेडा.

घोडीचा वक्र फोटोवरून काढायचा प्रयत्न सोडून द्या. तिथला खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो. सरकत्या पट्टीवर डायल गेज बसवा, अर्ध्या अर्ध्या मिमीवर वाचन घ्या, आणि तारांखाली पडलेल्या चरांची खोली वेगळी नोंदवा. जवारी बंद होते ती मुख्यतः त्या चरांमुळे.

प्रतिमानाबद्दल एकच सांगतो. तारेचा ताठपणा वगळू नका. तुमच्या तारेचा विसावा हार्मोनिक आदर्श जागेपेक्षा साधारण ६ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) वर असतो. कानाला हे क्षुल्लक वाटेल, पण याच अपस्करणामुळे उच्च कंपनसंख्येचे तरंग आधी पोचतात, आणि घोडीवरच्या वारंवार स्पर्शाशी त्यांची सांगड बसून तो सरकत जाणारा झणत्कार तयार होतो. लवचीक तारेचं आदर्श समीकरण आणि एकतर्फी अडथळा (तार घोडीच्या पृष्ठाखाली जाऊ शकत नाही ही अट) एवढंच घेतलंत तर सम हार्मोनिक येतील, पण तंबोरा ऐकू येणार नाही.

---

अर्थवेध यांचं उत्तर:

वरच्या उत्तरातला "जवारीचा आकडा" हाच तुमचा दुवा आहे. अभ्यासाचं एकक वाद्य धरू नका, कारागीर धरू नका. एक जवारी-काम हे एकक धरा. घोडी दुरुस्तीला आली, कानस आणि पॉलिश पेपरने घासली, धागा बसवला, गिऱ्हाइकाने ऐकून नेली, हा एक प्रसंग. त्याच्या आधी आणि नंतर तो आकडा मोजा, गेजचं वाचन घ्या. त्याच ओळीत लागलेले तास, घेतलेले पैसे, घोडीचा पदार्थ, तारेची जाडी, किती वेळा परत आणली आणि पुढची जवारी किती महिन्यांनी लागली हे लिहा. मग प्रश्न आपोआप एक होतो: गिऱ्हाईक पैसे देतं ते मोजता येण्याजोग्या बदलाचे की घराण्याच्या नावाचे? ध्वनिशास्त्राशिवाय या अर्थशास्त्रीय प्रश्नाचं उत्तरच देता येणार नाही. समितीला हेच सांगा.

पदार्थाचा मुद्दा सोडू नका, मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. हस्तिदंत आणि सांबरशिंग या घोडीच्या जुन्या साहित्याचे दरवाजे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी बंद केले. हाड, शिसवी, कृत्रिम पदार्थ वापरात येण्यामागे मोठं कारण हे आहे. कायद्याने कच्चा माल काढून घेतला की तंत्र कसं बदलतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. नव्या पदार्थात चर लवकर पडतो का, म्हणजे दुरुस्तीचा फेरा जवळ येतो का, हे वरच्याच नोंदवहीतून निघेल.

आता पेटंट. जवारीच्या पद्धतीवर मिळणार नाही. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(प) पारंपरिक ज्ञान वगळतं. आवाज तपासणारं नुसतं सॉफ्टवेअर केलंत तर कलम ३(क) आडवं येतं, निव्वळ गणिती पद्धत आणि संगणक प्रोग्राम यांना ते पेटंटमधून वगळतं. घोडीचा वक्र मोजून घासणीचं मार्गदर्शन करणारं प्रत्यक्ष उपकरण मात्र विचारात घेता येईल. तसं काही सुचलं तर परिषदेत मांडण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता, तारीख राखून ठेवणारा) अर्ज करा. संपूर्ण अर्जाला पुढे १२ महिने मिळतात. आधी मांडलं आणि मग अर्ज केला तर नावीन्यच गेलेलं असतं, आणि सवलतीच्या तरतुदी फार अरुंद आहेत.

भौगोलिक मानांकनाबद्दल बराच गैरसमज आहे. ते नावाचं रक्षण करतं, कृतीचं नाही. तीच रीत वापरून दुसऱ्या गावात तंबोरा करायला कुणाला बंदी नाही. "मिरज" हे नाव लावायला आहे. शिवाय नोंदणी झाली म्हणजे प्रत्येक कारागिराला हक्क मिळाला असंही नाही, त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. नोंदणी १० वर्षांची असते आणि नूतनीकरण होतं. आणि हे मानांकन वस्तूला आहे. जवारी काढणं ही सेवा आहे, वाद्य विकल्यावर वर्षानुवर्षं चालणारी. कसबाचं मोल जिथे आहे तिथे मानांकन पोचतच नाही, असं गृहीतक मांडून तपासा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. "मानांकनाआधी किंमत किती होती?" असं आठवणीवर विचारून आधी-नंतरची तुलना करू नका. आठवणीतल्या किमती गोल आणि सोयीच्या असतात, आणि त्याच काळात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइल अ‍ॅपही बाजार खात होते, तो परिणाम वेगळा काढता येणार नाही. दुसरं, मिरजेतल्या कारागीर घराण्यांची संख्या लहान आहे. एका घराण्यातली कामं एकमेकांसारखी असतात, म्हणून प्रमाणत्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) घराण्यानुसार गटवार काढावी लागते, आणि गट थोडे असताना नेहमीचं सूत्र फसवी खात्री देतं. यादृच्छिकीकरणावर आधारित चाचणी वापरा, म्हणजे नोंदींची लेबलं चिठ्ठ्यांसारखी पुन्हा पुन्हा उलटीपालटी करून फरक योगायोगाचा आहे का ते पाहा.

---

खर्जषड्ज:

दोघांचेही मनापासून आभार. एक-एकक कल्पनेने सगळं जागेवर बसलं. एक शंका उरते. कारागिरांच्या घोडीचा वक्र गेजने मोजून मी प्रबंधात छापला, तर त्यांचं गुपितच उघडं केल्यासारखं होईल ना?

---

अर्थवेध:

हो, आणि हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये मांडलेला पेच हाच: माहितीचं मोल कळायला ती दाखवावी लागते, आणि दाखवली की विकत घ्यायचं कारण उरत नाही. म्हणून संमतीपत्र मराठीत आणि सोप्या भाषेत करा, त्यात "मोजू का" आणि "छापू का" हे दोन वेगळे प्रश्न ठेवा. मूळ वक्र देऊ नका. वक्रतेतला बदल टक्केवारीत द्या आणि घराण्यांना सांकेतिक अक्षरं द्या. घराणी मोजकीच असल्याने पदार्थ, किंमत आणि गल्ली एकत्र छापली तरी ओळख पटते, ते रकाने जोडून देऊ नका.

---

विलंबरेषा यांचं उत्तर:

तुलनेसाठी एक प्रकरण जरूर घ्या, कारण त्यात तुमचे तिन्ही धागे आहेत आणि निकाल उलटा लागला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतकार जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये व्हायब्रॅटोचे (स्वर हलकेच थरथरवण्याचे) प्रयोग करताना असं दिसलं की कंपनाचा वेग श्रवणकक्षेत नेला की दोनच दोलकांतून समृद्ध वर्णपट मिळतो. लेख १९७३ चा, अमेरिकी पेटंट १९७७ चं, यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर बाजारात आला १९८३ मध्ये. शोधापासून खपणाऱ्या वाद्यापर्यंत सोळा वर्षं. ते पेटंट विद्यापीठाला सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्यांपैकी एक ठरलं. तिथे ज्ञान समीकरणात लिहिता आलं, म्हणून परवाना देता आला. जवारीत ते कानसेच्या दाबात आहे. ही तुलना प्रकरणाच्या मध्यभागी ठेवा, प्रस्तावनेत वाया घालवू नका.

प्रतिमानासाठी विलंबरेषेची पद्धत (संगणकात तरंग ठरावीक नमुन्यांनी उशिरा परत आणण्याची) घेणार असाल तर: फ्रेंच गणिती डालांबेर यांनी १७४७ मध्ये दिलेली दोन विरुद्ध दिशांच्या तरंगांची उकलच तिच्यामागे आहे. ४८ किलोहर्ट्झला तुमच्या षड्जाची फेरी ३४६.३ नमुन्यांची होते. ती ३४६ वर कापलीत तर स्वर पावणेदोन सेंट चढतो, आणि जोडाच्या दोन तारांमधला डोल (आवाजाचा हळू चढउतार) पूर्ण खोटा येतो. अपूर्णांकी विलंबाची (नमुन्याच्या अंशाएवढाही उशीर देणारी) गाळणी लावाच. घोडीच्या स्पर्शासाठी मात्र विलंबरेषा अवघड जाते. तिथे सांत-अंतर पद्धत (तार छोट्या तुकड्यांत मोजणारी) किंवा मोडल पद्धत (तारेच्या वेगवेगळ्या कंपनरूपांची बेरीज करणारी) घ्या, आणि दर पायरीला एकूण ऊर्जा छापून बघा. छेडल्यानंतर ऊर्जा कुठेही वाढली तर स्पर्शाचं गणित चुकलं आहे, आवाज कितीही गोड येवो.

---

तारतम्य:

दोन गोष्टी राहिल्या. खोलीचं तापमान आणि आर्द्रता प्रत्येक मापनासोबत लिहा. सांगाडा न बदलता तार ५ अंशांनी तापली तर ताण सुमारे २ टक्के कमी होतो आणि स्वर १७ सेंट उतरतो. मध्येच सूर लावलात तर धागाही हलतो, म्हणून सूर लावला की धाग्याची जागा पुन्हा मोजा.

आणि श्रवणचाचणी ठेवा, नुसत्या आकड्यावर थांबू नका. एकाच कामाच्या आधीचा आणि नंतरचा ध्वनी सारख्या तीव्रतेवर आणून गायकांना क्रम न सांगता ऐकवा आणि खुली जवारी कोणती ते विचारा. प्रत्येकाला २० जोड्या. निव्वळ अंदाजाने १५ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के, १४ किंवा अधिकची जवळपास ६ टक्के. म्हणून सीमा १५ ठेवा, आणि ती पहिला गायक बसायच्या आत नोंदवहीत लिहा.