मदत हवी आहे : मुलीला मित्राने दिलेले पैंजण परत करायला सांगावे का?

माझी मुलगी अकरावीत असून, तिच्या वर्गमित्राने तिला वाढदिवसाला चांदीचे पैंजण दिल्याचे मला कपाट आवरताना कळले. मोज्यांखाली सराफाच्या गुलाबी कागदात ते जपून ठेवलेले होते. कडीवर ९२५ हा शिक्का, म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेची खूण असल्याने, ही खरेदी खाऊच्या पैशांतून झाली असेल असे वाटत नाही. (आमच्या वेळी फ्रेंडशिप बँडवर भागत असे.) मैत्रीला माझा विरोध नाही, परंतु त्या मुलाच्या आईवडिलांशी आधी बोलावे, की मुलीलाच पैंजण परत करायला सांगावे, आणि तिचा माझ्यावरील विश्वास न दुखावता हा विषय कसा काढावा, याबाबत अनुभवी पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.