आजीचा विळा पुरावा होतो का?

मास्तर (पुसद तालुका):
आठवीच्या तीन पोरींनी यंदा इतिहास प्रकल्प स्पर्धेसाठी जंगल सत्याग्रह घेतला. 10 जुलै 1930 ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली, एवढं पुस्तकात मिळालं. मग एकीच्या घरी वळचणीला खोचलेला विळा निघाला. आजी म्हणते, माझ्या सासऱ्यानं यानंच तेव्हा गवत कापलं. पोरींनी तो लाल कापडावर मांडला, खाली तशी चिठ्ठी लावली. परीक्षकांनी विचारलं, "पुरावा?" पोरगी म्हणाली, "आजी सांगते." झालं! वहीवर "ऐकीव माहिती" असा शेरा, अन् बक्षीस शेजारच्या थर्माकोलच्या रायगडाला. तो रायगड पोराच्या मामानं रात्रभर जागून केला हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक.
माझं म्हणणं असं, की गवत कापणाऱ्याचा कागद कोणी ठेवला नाही. तिथं आजीचं तोंड हाच कागद.

निवृत्त पटवारी:
मास्तर, राग मानू नका, पण शेरा बरोबर आहे. आजीचं वय किती?

मास्तर:
84.

निवृत्त पटवारी:
म्हणजे 1930 ला त्या जन्मल्याही नव्हत्या. सासऱ्यानं सुनेला सांगितलं, सुनेनं नातीला, नातीनं परीक्षकाला. मी सगळी नोकरी याच भागात काढली. ज्या गावी जावं तिथं दर जुन्या वाड्यात एक सत्याग्रही, अन् निम्म्या घरी गांधीजी पाणी पिऊन गेलेले. कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद, पाहिलं का? शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर? सासरा तेव्हा किती वर्षांचा होता, गावात होता की नाही, एवढं तरी निघालं असतं.

पऱ्हाटीवाला:
बाप्पा, इळ्याचं तं सोडूनच द्या. मूठ दर चार-पाच सालानं बदलते. पातं घासून घासून करंगळीएवढं होते, मंग लोहार त्याले नवं पोलाद लावते. पंच्यान्नव वर्साचा इळा म्हंजे त्यात जुनं काय उरलं, हे लोहारालेच इचारा! पन आजीले सासऱ्याचं काऊन इचारता? तिचं इचारा ना. गवताले जंगलात गेली तं नाकेदार, म्हंजे जंगलाचा शिपाई, काय म्हने, इळा-दोर हिसकून घे का, सोडाले काय मांगे. ते तं तिनं सोता भोगलं हाये.

पालक, यवतमाळ:
स्पर्धा जिंकायची तर शिवकाल घ्या, नाहीतर दांडीयात्रा. परीक्षकाला ओळखीचं लागतं. गावातलं खोदत बसलं की पोरांचे मार्क जातात.

मास्तर:
दांडीच हवी तर अकोल्याकडचं दहीहांडा घ्या की. खारपाण पट्टा आहे, विहिरीचं पाणीच खारट. समुद्र नसताना 1930 ला तिथं मीठ केलं. आमच्याकडे मीठ नाही, जंगल होतं, म्हणून गवत. हे पोरींनी स्वतः नकाशा पाहून काढलं. त्याला एक मार्क नाही!

एम.ए. इतिहास, दारव्हा:
पटवारी काका, तुमच्या रजिस्टराबद्दल बोलते. माझ्या बाबांची जन्मतारीख 1 जुलै. काकांची 1 जुलै. आत्याचीही 1 जुलै. आजीला काय दर वेळी त्याच दिवशी कळा आल्या? गुरुजींनी पोरगं पाहिलं, अंदाजे साल धरलं आणि लिहून टाकलं. कागदही मनचंच सांगतो.

निवृत्त पटवारी:
ती सोय होती, हे मान्य. पण कोणी, कधी, कशासाठी लिहिलं ते आपल्याला कळतं, म्हणून तर तुम्ही ती चूक पकडली. आजीच्या गोष्टीत पकडायचं कुठं?

एम.ए. इतिहास, दारव्हा:
तिथंही तेच विचारायचं. तुम्हाला हे कोणी सांगितलं, कधी, तेव्हा घरात कोण होतं? पोरींनी एकदाच विचारलं आणि विळा घेऊन निघाल्या. चूक आजीची नाही, घाईची आहे. मास्तर, ही तुमच्याकडेच येते.

मास्तर:
येते, कबूल. शेवटच्या आठवड्यात चार्ट रंगवण्यातच दिवस गेले.
परवा पोरींना परत पाठवलं. आजी आधी तेच बोलली. मग पोरीनं विचारलं, "मामंजी पुसदला कोणासंगं गेले होते?" आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पुसदले नाही गेले ते. नाकेदाराच्या भेवानं रातच्यानं गेले, आपल्याच शिवाराच्या कडंनं. दोन भारे आनले. बैल उपाशी होते."

पऱ्हाटीवाला:
म्हंजे चोरीचं गवत! आता तं उत्तेजनार्थही गेलं.

निवृत्त पटवारी:
हे मात्र मी धरीन. घरच्या माणसाला मोठं करणारी गोष्ट असली की मी दोनदा तपासतो. ही तर त्याला लहान करते, आणि तीही सून सांगते. तरी सत्याग्रह म्हणू नका याला.

एम.ए. इतिहास, दारव्हा:
अण्यांनी दिवसा, सगळ्यांसमोर कापलं. यांनी रात्री, बैलांसाठी. कायदा तोच मोडला. सत्याग्रह का नाही, हेच पोरींनी लिहावं ना.

निवृत्त पटवारी:
लिहा. पण आधी सासऱ्याचं वय काढा. मास्तर, तहसीलला नकलेचा अर्ज मी भरून देतो. पान मोडी लिपीत निघालं तर वाचणारा माझ्या ओळखीचा आहे. आणि त्या विळ्याखालची चिठ्ठी तेवढी बदला.