मदत हवी आहे: फँटम पॉवरवर व्हायोलिनचा प्रीअँप चालेल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या देवळात कीर्तनाला व्हायोलिनची साथ असते. पिकअपचा प्रीअँप (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो आणि ती नेमकी उत्तररंगात मान टाकते. अ‍ॅडाप्टर लावला तर स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. मिक्सरला ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्याच केबलमधून माइकला वीज पुरवायची सोय) आहेच, मग तिथूनच वीज घेता येईल का?

मीटरवर प्रीअँप २ मिलिअँपिअर खातो. मोकळ्या चॅनलवर माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये पिन १ (ग्राउंड) आणि २ मध्ये ४७ व्होल्ट मिळतात, पण चार कंडेन्सर माइक जोडले की ४४ वर येतात. विचार असा आहे: पिन २ आणि ३ वरून दोन सारखे रेझिस्टर, पुढे ९.१ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डायोड) आणि कपॅसिटर. रेझिस्टर किती ओहमचे घेऊ? आणि प्रीअँपचं आउटपुट मोनो जॅकचं, ते त्याच केबलमधून कसं पाठवू?

मंडपवाला तर छातीठोक सांगतो की वायरलेसचा रिसीव्हरही (१२ व्होल्ट, ३०० मिलिअँप) यावर चालेल. मला पटत नाही.

प्रतिसाद

रिसीव्हरचं विसरा. मिक्सरच्या आत दोन्ही पिनांना ६.८ किलोओहमचे रेझिस्टर असतात. पिना सरळ ग्राउंडला टेकवल्या तरी १४ मिलिअँपच्या आसपासच मिळतात. हाती फार तर ०.१७ वॅट, रिसीव्हरला हवेत ३.६. नॉयमन या जर्मन माइक कंपनीनं १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी ही सोय केली ती माइकपुरती.

प्रीअँपचं मात्र जमेल. तुमचा सप्लाय आधीच दमलाय, म्हणून १० किलोओहमचे घ्या, १ टक्कावाले, आणि मीटरवर जोडी जुळवून. जोडी बिघडली की बॅलन्स्ड लाइनचा (दोन सारख्या तारांत शिरलेला गोंगाट एकमेकांना खोडतो, त्या जोडणीचा) फायदा गेला, घूं परत आली. ४४ व्होल्टलाही ४ मिलिअँप मिळतील: प्रीअँपला त्यातले २ मिलिअँप, उरलेले झेनरला.

आउटपुट छोट्या १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून पिन २, ३ वर द्या. दोन्ही तारांत २२ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे कपॅसिटर टाका. जॅक थेट त्या लाइनवर नको, एक पिन ग्राउंड होईल. बॅटरी काढूनच जोडा आणि फँटम चालू करताना चॅनल म्यूट ठेवा, नाहीतर धप्प आवाजानं बुवा दचकतील.

धागाकर्ता

आभारी आहे! कपॅसिटरची प्लस बाजू मिक्सरकडे ना? आणि रेझिस्टर पाव वॅटचे पुरतील?

प्रतिसाद

हो, प्लस मिक्सरकडे. पाव वॅट भरपूर झाले, प्रत्येकात जेमतेम ०.०५ वॅट जिरतो.