सिनेमात प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीला काम असतं का?

पुस्तकवेडी: पुस्तक वाचताना चित्र माझं मी रंगवते. सिनेमात चेहरा दिग्दर्शकाचा, उजेड त्याचा, कधी गहिवरायचं तेही पार्श्वसंगीत सांगणार. सगळं आयतं. प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीला काम उरतं कुठे? सिनेमावाल्यांनी रागावू नये.

निशाचर: रागावू नये म्हणे! झोपायला निघालो होतो, हे वाचून परत बसलो.
'सैराट'चा शेवट आठवा. खून होताना दाखवलाय? एकही वार नाही. पोर बाहेरून घरात येतं, आवाज पूर्ण बंद, आणि मग रक्ताची चिमुकली पावलं. मधलं सगळं तुम्ही रचलंत. माझ्या शेजारचा दांडगा गडी तोंड झाकून बसला होता, कशापासून? हिचकॉकच्या 'सायको'तला न्हाणीघरातला खून घ्या, 1960 चा. सुरा अंगात घुसताना जवळजवळ दिसतच नाही. शॉटची कापाकापी, किंकाळ्या आणि रक्त म्हणून चॉकलेट सिरप. 'जॉज'मधला यांत्रिक शार्क मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गनं तो बराच वेळ लपवला. माशाला अडकवलेली, पाण्यावर पळणारी पिवळी पिंपं बघून लोकांची गाळण उडाली. हे आयतं?

पुस्तकवेडी: तुम्ही तीन नावं फेकलीत, मी एकच सांगते. 'श्यामची आई' मी लहानपणी वाचलं तेव्हा त्यातली आई माझ्या आजीसारखी होती. नाकात चमकी, हाताला राखेचा वास. मग अत्र्यांचा सिनेमा पाहिला. त्यानंतर पुस्तक कधीही उघडा, त्यात आई झालेल्या वनमालाबाईच येतात. आजी गेली ती गेलीच. आता सांगा, कोणी काय रचलं?

गाववाला: तुमचं दोघांचं शहरी दुखणं. आमच्याकडे जत्रेत तंबू यायचा. पुढच्या बाजूला जागा नसली की पडद्यामागे बसायचं. तिकडून नावं उलटी, हिरो डावखुरा. ऑपरेटरला घाई असली की एखादं रीळ गाळायचा. व्हिलन मेला कसा हे कुणालाच कळायचं नाही, मग घरी जाताना बैलगाडीत प्रत्येकाचा वेगळा मृत्यू. त्यातला माझा बेस्ट होता.

रांगेतला: मराठी सिनेमा हल्ली फक्त कल्पनेतच बघता येतो. शो सकाळी पावणेदहाचा! 2015 ला सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमची सक्ती केली, सहा ते नऊ. ओरड झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. भरदुपारी बारा वाजता प्राइम टाइम कुणाचा? निवृत्त लोकांचा?

तिकीटबारी: आलं का रडगाणं! मामांचं एकपडदा थेटर होतं. सात टाळकी बसवून एसी चालवून दाखवा एकदा. शो मागायला सगळे पुढे, तिकीट काढायला कोण? ओटीटीवर येईल तेव्हा बघू म्हणणारे तुम्हीच.

रांगेतला: पावणेदहाला नोकरदार माणूस येईल कसा? रजा काढून? आणि मग 'प्रतिसाद नाही' म्हणून सोमवारी शो बंद. तुमच्या मामांनी शुक्रवारी संध्याकाळी मराठी लावलं होतं का कधी?

तिकीटबारी: मामांवर जायचं काम नाही. लावलं होतं. म्हणून तर आता तिथे मंगल कार्यालय आहे.

निशाचर: अहो, धागा कल्पनाशक्तीचा आहे!

पुस्तकवेडी: असू द्या, त्यांचं निदान खरं दुखणं आहे. निशाचर, 'सैराट' तुमचा, घ्या. पण एक शेवट चांगला गाळला म्हणून बाकीचे अडीच तास सुटत नाहीत. माझ्या आजीचं उत्तर बाकी आहे.

निशाचर: आजीचं उत्तर नाही माझ्याकडे. दोष सिनेमाचा म्हणाल तर नाही, वनमालाबाई चांगल्या होत्या. सुमार नटी असती तर आजी टिकली असती.

पुस्तकवेडी: म्हणजे सिनेमा जितका चांगला तितकं माझं नुकसान. हेच म्हणत होते मी. आभार.

रांगेतला: ते ठीक. येत्या शुक्रवारी दोन मराठी सिनेमे एकाच दिवशी लागतायत, एकमेकांचे शो खाणार. त्यावर बोला कुणीतरी.