पेनी स्टॉकसाठी कोणता डिस्काउंट ब्रोकर घ्यावा? (४८०० चा माल विकायला २३६ रुपये गेले)

नमस्कार मंडळी,

मी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये (सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात) हिशेब बघतो. एसआयपी वेगळी चालू आहे, तिला हात लावत नाही. त्याशिवाय ४० हजार बाजूला काढलेत, सगळे गेले तरी घर चालेल असे. त्यातून सूत-कापडाच्या छोट्या कंपन्यांचे एक ते दहा रुपयांतले शेअर, म्हणजे पेनी स्टॉक, घेतो. धंदा रोज डोळ्यासमोर असल्यामुळे त्यांचे ताळेबंद मला वाचता येतात. टेलिग्रामच्या टिप्सवर आजवर एकही शेअर घेतलेला नाही.

डिमॅट २०११ पासून एका बँकेच्या ब्रोकरकडे आहे. मागच्या महिन्यात ३००० शेअर १.६० ला विकायला लावले. समोर घेणारेच नाहीत. पहिल्या दिवशी ७०० गेले, बाकीचे जायला आणखी तीन दिवस. चारही दिवस किमान ब्रोकरेज २५ रुपये, डीपी चार्ज (डिमॅटमधून शेअर बाहेर काढल्याचा) २५ रुपये, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दिवसाला ५९ आणि चार दिवसांचे २३६. जवळजवळ पाच टक्के! एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) अजून धरलेला नाही, खरेदीच्या वेळचा खर्चही नाही. इतकी वर्षं हे लक्षात आलं नाही, कारण डीपी चार्ज कॉन्ट्रॅक्ट नोटवर (सौद्याच्या बिलावर) नसतो, थेट लेजरला (ब्रोकरकडच्या आपल्या खात्याला) नावे पडतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा कळलं.

मग डिस्काउंट ब्रोकरांची, म्हणजे कमी दलाली घेणाऱ्यांची, दरपत्रकं वाचत बसलो. झिरोधाकडे डिलिव्हरीला (शेअर डिमॅटमध्ये घेऊन ठेवण्याच्या सौद्यांना) ब्रोकरेज नाही, विक्रीच्या दिवशी एका कंपनीमागे १५.३४ डीपी चार्ज. ग्रोकडे ०.१ टक्का किंवा २० रुपये यांतलं जे कमी ते, पण किमान ५ रुपये. काही ठिकाणी ऑर्डरला सरसकट २० आहेत. १२०० रुपयांच्या ऑर्डरला जीएसटीसह २३.६० म्हणजे घेताना दोन टक्के आणि विकताना दोन टक्के. ते माझ्या कामाचं नाही.

बीएसईची एक गोष्ट नव्याने कळली. ती शेअरचे गट पाडते. साध्या ए-बी गटात सौद्यांवर एक्स्चेंजचं शुल्क (आकार) कोटीला ३७५ रुपये, पण एक्स, एक्सटी आणि झेड गटांत कोटीला १०,०००. हा आकार एक्स्चेंजचा, त्यामुळे ब्रोकर कुठलाही घेतला तरी सुटत नाही ना? आणि जुने शेअर नव्या खात्यात न्यायला किती खर्च येतो? कुणी प्रत्यक्ष हलवले असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

नाही सुटत. पण एक्स्चेंजचा तो आकार हजाराला एक रुपया आहे, तुमचं नुकसान ठरावीक रकमांच्या आकारांनी केलंय. डीपी चार्ज एका दिवशी एका कंपनीमागे एकदाच लागतो, मग त्या दिवशी ७०० विका की ३०००. त्यामुळे रोज थोडे थोडे विकू नका. मार्केट डेप्थमध्ये (थांबलेल्या ऑर्डरांच्या यादीत) खरेदीदार जमलेत असं दिसेल त्या दिवशीच लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) लावा. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) अजिबात नको. १.६० च्या शेअरमध्ये पाच पैसे खाली सौदा झाला की तीन टक्के गेले, कुठल्याही ब्रोकरेजपेक्षा जास्त.

तुमचेच चार दिवस झिरोधाच्या दराने धरले तर ६१.३६ होतात. एका दिवसात विकले असते तर १५.३४.

प्रतिसाद २

दर बघितलेत ते ठीक, पण आधी ब्रोकरला हे विचारा: जीएसएम, एएसएम आणि ईएसएम या एक्स्चेंजच्या विशेष देखरेखीच्या याद्यांमधले शेअर तुमच्याकडे घेता येतात का? ईएसएम जून २०२३ मध्ये आलं ते खास छोट्या कंपन्यांसाठीच. तुमच्या यादीतले बरेचसे शेअर तिथे सापडतील. काही ब्रोकर अशा शेअरची खरेदीच बंद ठेवतात, विक्री तेवढी चालू. मी एका ॲपवर खातं उघडून बसलो आणि ज्या कंपनीसाठी उघडलं तिचीच ऑर्डर रिजेक्ट. खातं उघडताना हे कुणी सांगत नाही. खूप चिडचिड झाली होती.

टी टू टीमधल्या (प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची असलेल्या) शेअरला इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, नाही. आज घेतला तर डिमॅटमध्ये येईपर्यंत विकता येत नाही. शिवाय पाच टक्क्यांचं किंवा दोन टक्क्यांचं सर्किट, म्हणजे दिवसात भाव त्यापलीकडे हलू शकत नाही. लोअर सर्किट लागलं की सगळे विकणारे, घेणारा कुणी नाही. तेव्हा ब्रोकर कितीही स्वस्त असला तरी उपयोग शून्य. म्हणून ४० हजारांतले एकाच कंपनीत किती घालायचे ते आधी ठरवा.

हलवण्याबद्दल: जुनं खातं बंद करून त्याच नावाच्या दुसऱ्या डिमॅटमध्ये शेअर नेले तर ट्रान्सफरचा आकार लागत नाही. 'क्लोजर कम ट्रान्सफर' असं सांगून फॉर्म मागा. ही विक्री नाही, त्यामुळे भांडवली नफ्याचा करही नाही. खरेदीच्या तारखा आणि भाव मात्र जुन्या ब्रोकरकडून आधीच उतरवून घ्या, नव्या ॲपमध्ये ते आपोआप येतीलच असं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज बीएसईच्या साइटवर माझ्या नऊ कंपन्यांचे गट बघितले. तीन एक्समध्ये, दोन एक्सटीमध्ये, एक ईएसएममध्ये. ती एक मला आणखी घ्यायची होती. दोन ब्रोकरना नऊही नावं ईमेलने कळवून खरेदी चालते का विचारलंय. लेजर आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा २०११ पासूनच्या उतरवायला घेतल्यात. ब्रोकरची उत्तरं आली की इथेच लिहितो.